रस्त्याचा मेगाब्लॉक आणि पंचावन्न तासांचा शब्द

मुंबईकराला मेगाब्लॉक समजावून सांगावा लागत नाही. रविवारी कुठली लाइन, किती ते किती, जलद गाड्या धीम्या मार्गावर की उलट, हे बघूनच घराबाहेर पडायचं, हे शहाणपण त्याच्या अंगात मुरलेलं असतं. असा माणूस नेदरलँड्सला राहायला आला की पहिल्याच वर्षी त्याच्या लक्षात येतं, मेगाब्लॉकने इथेही पाठ सोडलेली नाही. फक्त इथला मेगाब्लॉक महामार्गावर असतो. शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास रस्ता बंद होतो आणि सोमवारी पहाटे पाचला उघडतो. मधले पंचावन्न तास त्या रस्त्यावर डांबराची यंत्रं, रोलर, क्रेन आणि चमकत्या जाकिटातली माणसं. बाकी कोणी नाही.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. "अख्खा हायवे बंद? एक बाजू तरी चालू ठेवायची ना!" हा प्रश्न आमच्या घरी दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. अर्धा रस्ता खणलेला, अर्ध्यावरून दोन्हीकडची वाहतूक, मध्ये ड्रम आणि लाल रिबन, हे दृश्य आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मग ही डच मंडळी रस्ता सरळ बंदच का करतात? आणि बंद केलेला रस्ता सोमवारी पहाटे पाचला खरंच उघडतो कसा?

गाठीची जागा

दोन महामार्ग जिथे एकमेकांना मिळतात त्या जागेला डच भाषेत 'क्नोपपुंट' म्हणतात. 'क्नोप' म्हणजे गाठ. माउडरबर्ख, होलेनड्रेख्त, बाधूफेडॉर्प, हूफेलाकन ही अशा गाठींची नावं. रेडिओवरच्या वाहतुकीच्या बातम्यांत ती इतक्या वेळा कानावर पडतात, की वर्षभरात ती आपल्याला कात्रज किंवा ऐरोलीसारखी ओळखीची होऊन जातात.

अशी गाठ सोडवून पुन्हा बांधायची म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. त्यातला बराच वेळ जमिनीवरच जातो. पश्चिम नेदरलँड्सची जमीन म्हणजे मऊ चिकणमाती आणि पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा भुसभुशीत थर. त्यावर थेट रस्ता बांधला तर तो खचणार. म्हणून आधी तिथे वाळूचे मोठे ढीग रचतात आणि त्या वजनाखाली जमिनीतलं पाणी निघून ती दबेपर्यंत थांबतात. कधी कधी वर्षभरसुद्धा. येता-जाता आपल्याला नुसते ढीग दिसतात आणि आपण म्हणतो, "काम बंद पडलेलं दिसतंय." तसं नसतं. जमीन बसत असते.

त्यानंतर पूल, वळणं, जोडरस्ते जुन्या रस्त्याच्या शेजारी उभे राहतात. जुना रस्ता तोवर चालूच असतो. शेवटी एक दिवस असा येतो की नवा रस्ता तयार आहे, जुनाही वाहतो आहे, आणि दोन्ही जिथे जोडायचे तिथे मात्र उंचीत फरक आहे, मध्ये कठडा आहे, जुने दिवे आणि फलकांच्या कमानी आहेत. हा शेवटचा जोड वाहत्या रस्त्यावर घालता येत नाही. जुनं डांबर खरवडायचं, पातळी जुळवायची, नवं डांबर घालायचं, पट्टे आखायचे, कठडे बसवायचे, सिग्नलच्या तारा जोडून तपासायच्या. एकामागून एक, त्याच क्रमाने. पंचावन्न तास लागतात ते यासाठी.

त्यात इथलं डांबरही नाजूक. बहुतेक महामार्गांवर 'झोआब' नावाचं सच्छिद्र डांबर असतं. पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं, त्यामुळे पुढच्या गाडीचे तुषार आपल्या काचेवर येत नाहीत आणि टायरचा आवाजही कमी होतो. पण ते घालताना हवा फार थंड नको आणि पाऊस नको. नेदरलँड्समध्ये पाऊस नको म्हणणं म्हणजे कोकणात जुलैमध्ये वाळवण घालण्यासारखं! म्हणून जाहीर केलेले काही शनिवार-रविवार ऐनवेळी पुढे ढकलले जातात, आणि तसं होणार हे गृहीत धरून राखीव शनिवार-रविवारही आधीच ठरवून ठेवतात.

व्हॉट्सअॅपवरचा बोगदा

काही वर्षांपूर्वी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना एक व्हिडिओ आला असेल. डच लोकांनी म्हणे एका वीकेंडमध्ये महामार्गाखाली बोगदा बसवला. खाली ओळ ठरलेली : 'आणि आपल्याकडे?' तो बोगदा ए१२ या महामार्गावर, एडे या गावाजवळचा. सुमारे ७० मीटर लांब आणि ३,६०० टन वजनाचा. तो खरोखर एका वीकेंडमध्ये जागेवर सरकवला गेला, यात खोटं काही नाही. पण त्या मिनिटभराच्या व्हिडिओत महामार्गाशेजारी आधीच ओतून, सुकवून, तपासून ठेवलेला बोगदा कसा तयार झाला ते दिसत नाही. व्हिडिओ वाढपाचा आहे. स्वयंपाक आधीच झालेला होता.

याचं याहून मोठं उदाहरण २०१६चं. अॅमस्टरडॅमच्या पूर्वेला ए१ आणि ए६ हे महामार्ग माउडरबर्खला मिळतात. तिथे ए१ रुंद करायचा होता, आणि त्यावरून अल्मेरेकडे जाणारी रेल्वे ओलांडत होती. रुंद रस्त्यासाठी नवा रेल्वेपूल हवा होता आणि रस्त्याच्या मध्ये खांब नको होते. मग २५५ मीटर लांबीचा, सुमारे ८,४०० टनांचा पूल महामार्गाच्या कडेला बांधून काढला. पॅरिसच्या आयफेल टॉवरचं लोखंड भरतं सुमारे ७,३०० टन. हा पूल त्याहून जड. त्या वर्षी मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला जोडून सुट्टी होती. गुरुवारची सुट्टी, शुक्रवारी बरेच जण रजा टाकतात, पुढे शनिवार-रविवार. ती सुट्टी गाठून ए१ बंद केला आणि शेकडो चाकांच्या ट्रेलरांवर ठेवून तो पूल हळूहळू रस्त्यापलीकडे नेऊन बसवला. ऑगस्टमध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या.

बंद कधी ठेवायचा याचाही हिशेब असतो. जोडून आलेल्या सुट्ट्या, उन्हाळ्याची शाळांची सुट्टी, म्हणजे ज्या काळात कामावर जाणारी वाहतूक कमी असते तो काळ. शाळांची सुट्टीही इथे देशाचे तीन विभाग करून वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू होते, त्यामुळे सगळा देश एकाच दिवशी गाड्या काढून फ्रान्सच्या दिशेने निघत नाही.

तासाला भाव असतो

महामार्गांचं काम पाहणारं सरकारी खातं म्हणजे राइक्सवाटरस्टाट. १७९८ मध्ये स्थापन झालेलं. मूळ काम पाणी आवरण्याचं, पुढे त्यात रस्ते आले. या खात्याच्या काही मोठ्या कामांचे करार 'डीबीएफएम' पद्धतीचे असतात. म्हणजे आराखडा, बांधकाम, पैसा उभा करणं आणि पुढची अनेक वर्षं देखभाल, हे सगळं एकाच कंत्राटदार समूहाकडे. सरकार त्यांना पैसे देतं ते रस्ता वापरायला उपलब्ध असल्याबद्दल. ठरल्यापेक्षा जास्त वेळ रस्ता बंद राहिला की त्यांच्या पैशांतून कपात होते. गर्दीच्या वेळेची कपात जास्त, रात्रीची कमी.

इथे मेख आहे. सोमवारी पहाटे पाचचं सहा वाजले तर तो उशीर कोणाच्या तरी खिशातून जातो. म्हणून पंचावन्न तासांचं वेळापत्रक अक्षरशः तासातासाचं असतं आणि अमुक वाजेपर्यंत अमुक झालं नाही तर पुढे काय करायचं, तेही आधीच ठरलेलं असतं.

तुमच्या-माझ्या वेळेलाही असाच भाव देण्याचा प्रयोग इथे झालेला आहे. २००६ मध्ये झूटरमेर ते हेग या ए१२च्या पट्ट्यात काही शे चालकांना सकाळच्या गर्दीच्या वेळी रस्त्यावर न येण्याबद्दल बक्षीस देऊन पाहिलं. गर्दी करणाऱ्याला दंड करण्यापेक्षा गर्दी टाळणाऱ्याला पैसे द्यायचे, हा अस्सल डच व्यापारी हिशेब! पुढे अशा योजना बऱ्याच ठिकाणी राबवल्या गेल्या.

बंदची खबर तर इतक्या दिशांनी येते की 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. जवळच्या वस्तीत घरोघरी पत्र पडतं. रस्त्याच्या कडेला काही आठवडे आधी पिवळे फलक लागतात. नेव्हिगेशनच्या अॅपमध्ये बंद दिसतो. प्रत्यक्ष त्या दिवशी पर्यायी मार्गावर पिवळ्या पाट्यांवर एखादं अक्षर असतं. ते अक्षर धरून चालत राहायचं, की आपण बंदच्या पलीकडे निघतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाने कुठून जायचं हे त्यांच्याशी बसून ठरवलेलं असतं. सायकलवाल्यांची सोय वेगळी बघितली जाते, हे तर सांगायलाच नको. हा देशच सायकलवाल्यांचा.

नव्याने आलेल्या मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगते. रस्त्यावरच्या कमानीत एखाद्या लेनवर लाल फुली पेटली असेल तर त्या लेनमध्ये जायचं नाही. लेन रिकामी दिसली तरी नाही. फुलीच्या पुढे कोणीतरी माणूस काम करत असतो. दंड तर जबर आहेच.

अॅमस्टेलवीनचा ए९

आपल्या मराठी मंडळींपैकी बरीच अॅमस्टेलवीनमध्ये राहतात. गावात भारतीय इतके, की संध्याकाळी बागेत मराठी, तेलुगू, हिंदी एकाच घसरगुंडीवर ऐकू येतात. या गावाच्या मधोमध ए९ जातो. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूलाही घरं, आणि मध्ये महामार्गाचा आवाज. बाधूफेडॉर्पच्या गाठीपासून होलेनड्रेख्तच्या गाठीपर्यंतचा हा सुमारे ११ किलोमीटरचा पट्टा रुंद करण्याचं काम गेली काही वर्षं चालू आहे. गावातून जाणारा भाग खोल खणून खाली नेला आहे आणि दोन ठिकाणी त्यावर छत आहे, म्हणजे वरून माणसांना इकडून तिकडे जाता येईल.

असंच काम पलीकडे अॅमस्टरडॅमच्या आग्नेय भागात आधी झालं. तिथे याच ए९ला ३ किलोमीटरच्या बोगद्यात घातलं आणि बोगद्याच्या छपरावर बाग केली. बागेचं नाव ब्रासापार्क. 'ब्रासा' म्हणजे सुरिनामी भाषेत मिठी. त्या भागात सुरिनामहून आलेले लोक खूप, म्हणून त्यांचा शब्द. महामार्गाने तोडलेल्या दोन वस्त्या बागेने जोडल्या, म्हणून मिठी. मला हे नाव फार आवडतं.

पण मिठी मारेपर्यंत कळ सोसावी लागते. अॅमस्टेलवीनमध्ये आम्ही कित्येक शनिवार-रविवार ए९ बंद पाहिला आहे. रात्री खांब ठोकण्याचा आवाज, आतल्या रस्त्यांवर अडकलेल्या गाड्या, कुठल्या तरी गणपतीच्या कार्यक्रमाला हेगहून निघालेले लोक आरती संपल्यावर पोचणं, हे सगळं झालेलं आहे. इथली माणसं कुरकुर करत नाहीत असा कोणाचा समज असेल तर तो खोटा. डच माणूस हवा आणि रस्ता या दोन विषयांवर जितकी कुरकुर करतो तितकी आपण राजकारणावरही करत नाही.

२०२४च्या उन्हाळ्यात माझे सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले तेव्हाही ए९ची एक बाजू त्या वीकेंडला बंद होती. स्किपोल आमच्या घरून एरवी पंधरा मिनिटांवर. त्या दिवशी आतल्या रस्त्यांनी फिरत चाळीस मिनिटं लागली. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. सतरा-अठरा तासांचा प्रवास करून आलेला माणूस, पण गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "कधी उघडणार?"

"सोमवारी पहाटे पाचला," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"पत्र आलंय ना बाबा घरी."

ते हसले. सोमवारी पहाटे जेट लॅगमुळे त्यांना चारलाच जाग आली. साडेपाचला मी उठले तर हे बूट घालून बाहेर जाऊन आलेले. "चालू झाला," एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

चांदणी चौक

आमचं पुण्याचं घर बावधनला. त्यामुळे चांदणी चौक हा आमच्यासाठी बातमीतला विषय कधीच नव्हता. मुंबई-बंगळुरू महामार्ग, मुळशीकडून येणारा रस्ता, कोथरूड, बावधन, सगळं त्या एका जागी येऊन अडकायचं. नव्या इंटरचेंजचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं. मग भूसंपादन, मग करोना. ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफाच तिथल्या कोंडीत अडकला आणि लोकांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा कामाला वेग आला.

जुना पूल पाडायचा ठरला. नोएडातले जुळे मनोरे ज्या कंपनीने पाडले, तिच्याकडेच हे काम. १ ऑक्टोबर २०२२, शनिवारी रात्री अकराला महामार्ग बंद केला आणि मध्यरात्रीनंतर एक वाजता सुमारे ६०० किलो स्फोटकांनी पूल उडवला. धूळ बसली तेव्हा पूल बराचसा जागच्या जागीच उभा! काँक्रीट फुटलं होतं, पण आतलं पोलाद धरून राहिलं. समाजमाध्यमांवर त्या रात्री पुणेरी विनोदांना पूर आला. पण यंत्रांनी पहाटेपर्यंत उरलेला पूल खाली घेतला, राडारोडा उचलला आणि रविवारी सकाळी महामार्ग सुरू झाला. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ताटकळलेल्या माणसाला ती रात्र फार लांबची वाटली नसेल. नव्या चौकाचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते झालं.

माझ्या सासूबाईंना त्या काळात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोथरूडला जावं लागायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बावधन ते कोथरूड म्हणजे रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं. बाबा घरून दीड तास आधी निघायचे. यंत्राची वेळ चुकली की पुढचा पेशंट लागायचा आणि आईंना तास तास बसून राहावं लागायचं. येतानाचे हाल वेगळेच. चार तास यंत्राला जोडलेलं माणूस थकून जातं, चक्कर येते, त्यात गाडी जागची हलत नाही. बाबा गाडीत पाणी आणि लिंबाची गोळी ठेवायचे. पाणीही मोजून, डायलिसिसच्या पेशंटला तहान लागली म्हणून पाणी पिता येत नाही.

पूल पडला ती रात्र शनिवारची, म्हणून आईंच्या डायलिसिसच्या आड ती आली नाही. बाबांनी तेव्हा फोनवर सांगितलं होतं, "वार बघून पाडला बरं का." आई जानेवारी २०२३ मध्ये गेल्या. नवा चौक त्यांनी पाहिला नाही.

त्या उन्हाळ्यात बाबा इथे रोज संध्याकाळी ए९च्या कामाच्या कडेला जाऊन उभे राहायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "आपल्याकडे असं का होत नाही हो, बाबा?" मला वाटलं, खात्यातला माणूस, कंत्राटदार आणि राजकारणी यांच्या गोष्टी सांगेल. ते म्हणाले, "बंद करायचा म्हणजे गाड्या दुसरीकडून न्यायच्या. इथे दुसरा रस्ता आहे, तिसराही आहे. चांदणी चौकात दुसरीकडे म्हणजे कुठे? डोंगरातून?"

जरा थांबून म्हणाले, "आणि दुसरं म्हणजे, आम्ही बंद करायला घाबरायचो. दोन दिवस म्हणून बंद करायचा आणि पाच दिवसांनी उघडायचा, असं एकदा झालं की पुढच्या वेळी लोक बंदच करू देत नाहीत. मग चालू रस्त्यावर काम. चालू रस्त्यावर काम म्हणजे दोन दिवसांचं काम दोन महिने, आणि मजूर गाड्यांच्या मध्ये. एकदा शब्द मोडला की पुढची वीस वर्षं तो महागात जातो."

मला हे पटलं. एडेच्या बोगद्याचा व्हिडिओ पाहून आपण चाकं आणि क्रेन मोजतो. चाकं आणि क्रेन आपल्याकडेही आहेत. मुंबईत नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पूल पाडायला मध्य रेल्वेने सत्तावीस तासांचा मेगाब्लॉक घेतला आणि लाखो प्रवाशांनी तो सोसला. का सोसला? वर्षानुवर्षं दर रविवारी मेगाब्लॉक लागतो, संध्याकाळी संपतो आणि सोमवारी सकाळची लोकल येते, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. रेल्वेने रविवार रविवार करून जे कमावलं आहे ते आपल्या रस्त्यांना अजून कमवायचं आहे.

इथलंही सगळं आलबेल नाही

हे वाचून नेदरलँड्सबद्दल कोणाचा भलता गोड समज व्हायला नको. ऑगस्ट २०१५ मध्ये आल्फन आन डेन राइन या गावात पुलाचा एक भाग उचलत असताना तराफ्यांवरच्या दोन क्रेन घरांवर कोसळल्या. माणसं वाचली, हे नशीब.

उत्तरेला ग्रोनिंगन शहराच्या दक्षिण वळणरस्त्याचं काम २०२१ मध्ये संपायचं होतं, ते २०२४ पर्यंत लांबलं. तिथे युलियानाप्लाइन या जागी ए२८ येऊन चक्क सिग्नलला थांबायचा. महामार्गावर लाल दिवा! तो नाहीसा करण्यासाठी आणि शहरातला रस्ता खाली नेण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं वळसे घातले, आणि शेवटचा टप्पा पुरा करायला २०२४च्या उन्हाळ्यात रस्ता कित्येक आठवडे बंद ठेवावा लागला. आता खालच्या रस्त्यावर बाग आहे. पण त्या काळात ज्यांची दुकानं त्या रस्त्यावर होती त्यांना विचारलं तर ते बागेचं कौतुक जरा हात राखूनच करतील.

आणि काही गाठी तर सुटतच नाहीत. अॅमर्सफोर्टजवळ हूफेलाकनला ए१ आणि ए२८ मिळतात. ती गाठ नव्याने बांधायची योजना कित्येक वर्षांची. पण मे २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजनच्या प्रदूषणाबाबतची सरकारी पद्धत बेकायदा ठरवली. बांधकामाची यंत्रं, वाहनं आणि गोठे यांतून निघणारा नायट्रोजन संरक्षित निसर्गावर बसतो, आणि त्याचा हिशेब लागल्याशिवाय परवानगी नाही. महामार्गांवर दिवसा वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर झाली, मार्च २०२० पासून, तीही याच कारणाने. २०२३ मध्ये सरकारने पैसा आणि मनुष्यबळ जुन्या पुलांच्या-बोगद्यांच्या दुरुस्तीकडे वळवलं आणि हूफेलाकनसह अनेक मोठी कामं थांबवली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेले पूल आता एकदमच म्हातारे झाले आहेत. म्हणजे इथून पुढेही बंद राहणारच आहेत. नव्या रस्त्यांसाठी कमी, जुन्यांच्या डागडुजीसाठी जास्त.

वेळ पाळल्याचं एक जुनं उदाहरण सांगून हा भाग संपवते. अॅमस्टरडॅमच्या वायव्येला फेल्सन इथे कालव्याखालून जाणारा बोगदा आहे, १९५७चा. त्याची मोठी दुरुस्ती करायची होती. रात्री-रात्री थोडं थोडं करायचं की पूर्ण बंद करायचं, हा प्रश्न होता. शेवटी एप्रिल २०१६ ते जानेवारी २०१७ असा नऊ महिने बोगदा पूर्ण बंद ठेवला. पण बंद करण्याआधी शेजारच्या दुसऱ्या बोगद्याकडे जाणारे तात्पुरते जोडरस्ते बांधून ठेवले. बाबांचा प्रश्न, 'दुसरीकडे म्हणजे कुठे?', त्याचं उत्तर तिथे आधी दिलं, मग फाटक लावलं.

उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी

या उन्हाळ्यात ज्यांचे आईवडील, सासूसासरे इकडे येणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. विमानाची तिकिटं काढतानाच नव्हे, पण निघायच्या आठवड्यात मात्र स्किपोलच्या बाजूचे बंद राइक्सवाटरस्टाटच्या पानावर बघून घ्या. त्यांचं 'फान आ नार बेटर' हे पान याचसाठी आहे. डच येत नसेल तरी नकाशा आणि तारखा कळतात. बंद शुक्रवारी रात्री लागतात, म्हणून शुक्रवारी रात्रीचं किंवा शनिवार-रविवारचं विमान असेल तर नेहमीपेक्षा तासभर हातात ठेवा. सामान कमी असेल तर रेल्वे उत्तम. स्किपोलचं स्थानक विमानतळाच्या खालीच आहे. वयस्कर माणसं, व्हीलचेअर, चार बॅगा असतील तर गाडीच बरी, पण पिवळ्या पाटीवरचं अक्षर सोडू नका आणि स्वतःच्या डोक्याने आखूड वाट शोधू नका. त्या वाटेवर अर्धं गाव आधीच अडकलेलं असतं.

औषधांची वेळ असलेलं माणूस बरोबर असेल तर पाणी, बिस्किटं आणि दोन वेळची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. डायलिसिसची सोय करून येणारी मंडळीही आता असतात. सुट्टीतल्या पेशंटसाठी तशी व्यवस्था इथे आधी नोंदवून करता येते. त्या केंद्राची वेळ ठरवतानाच वाटेतल्या बंदची तारीख विचारून घ्या.

बाबा पुढच्या जूनमध्ये पुन्हा येतो म्हणाले आहेत. तिकीट काढायच्या आधी त्यांनी ए९चं काय झालं ते विचारून घेतलं. या वेळी ते सोमवारी पहाटे उतरणारं विमान घेणार आहेत, पाच वाजून गेल्यावर.